स्क्रूची दोन टोकं

साप चावला जयदीपला आणि घाम फुटला नागेशला. कुणी म्हणेल, यात नवल काय, माणुसकी असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या संकटाने घाम फुटायचाच. पण हा घाम माणुसकीचा नव्हता. चंपतराव फोनवर ओरडून सांगत होता आणि नागेश दुकानातल्या स्टुलावर बसल्या जागी गार पडत चालला होता.

"पान लागलं रे जयदीपभाऊले! परड होती, चांगली हातभर. कापसाच्या ढिगात हात घातला अन् डसली. आदिलाबादले दवाखान्यात आनलं. हात भोपळ्यावानी सुजून राह्यला अन् ते घड्याळ काही केल्या निघून नाई राह्यलं. तूच बसवलं ना काल? हत्यारं घेऊन ये, पळत ये!"

परड म्हणजे घोणस. आदिलाबादजवळच्या बेला गावाच्या काळ्या रानात कापूस वेचणीच्या दिवसांत तिचं दर्शन कुणालाही होतं, आणि शेतात साप 'चावला' म्हणायचं नाही, 'पान लागलं' म्हणायचं, एवढी अदब लोक तिला देतात. चंपतराव हा अनंतरावांच्या बेल्याच्या शेतीवरचा जुना कारभारी. जयदीप हा अनंतरावांचा मुलगा, हैद्राबादेत नोकरीला, पंधरा दिवसांच्या रजेवर गावी आलेला. आणि ते घड्याळ निघत का नाही, हे साऱ्या जिल्ह्यात एकट्या नागेशला माहीत होतं.

साध्या घड्याळाचं एक बरं असतं. डबी वेगळी, पट्टा वेगळा. दोघांना जोडणारी स्प्रिंगची बारीक दांडी टोकाने दाबली की पट्टा सुटून हातात येतो. जयदीपच्या घड्याळात डबी कुठे संपते आणि पट्टा कुठे सुरू होतो, हे बोट फिरवूनही कळत नव्हतं. डबीच्याच पोलादातून पट्ट्याची पहिली कडी उगवायची, दुसरी तिच्याहून केसभर अरुंद, तिसरी आणखी अरुंद, अशा त्या मनगटाखाली उतरत जायच्या. प्रत्येक कडीचं माप वेगळं, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही. वरून बारीक रेघांचं मंद पोलाद, कडेला आरशासारखी चकचकीत तिरपी धार. कुलूप खालच्या बाजूला, तेही कड्यांत लपवलेलं. बाहेर दिसायची फक्त दोन चिमुकली बटणं, ती दोन्ही एकदम दाबली की कुलपाचे दोन पंख उघडायचे आणि पट्टा सैल व्हायचा. बावीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नागेशने असं घड्याळ चित्रातच पाहिलं होतं. काल ते हातात आलं तेव्हा त्याने आधी हात धुतले.

जयदीपची तक्रार साधी होती. मोटरसायकलवर खड्डा लागला की कुलूप आपोआप उघडायचं. शिवाय पट्टा एका कडीने सैल होता. कंपनीकडे द्यायचं तर सहा आठवडे. "नागेशभाऊ, आदिलाबादेत हे काम करन तं तुमीच करान," असं म्हणून तो नागेशच्या समोरच्या स्टुलावर बसला.

इथेच खरं तर नागेशने हात जोडायला हवे होते. "हे माझ्या आवाक्यातलं नाही" एवढं म्हटलं असतं तर कुणी त्याला फासावर दिलं नसतं. पण त्याचा बाप भिवाजी याच जयदीपच्या आजोबांच्या खळ्यावर पोती उचलायचा, त्यांच्या घरी पाणी प्यायला मिळालं तर ओंजळीत मिळायचं. त्या घरचा मुलगा आज आपल्या दुकानात बसून आपल्याला भाऊ म्हणतो आहे, आणि आपण त्याला जमत नाही म्हणायचं? नागेशची जीभ तिथे रेटली नाही. त्याने एक कडी काढली, पट्टा मनगटाला घट्ट बसेल असा जोडला, कुलपाचे ढिले झालेले स्क्रू आवळले. असे स्क्रू पुन्हा ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांवर घट्ट धरून ठेवणारं एक औषध लावतात, निळ्या रंगाचं, सौम्य. पुढे काढायचं झालं तर हाताने निघतं. नागेशची निळी बाटली वाळून खडखडीत झाली होती. शेजारच्या मोटरसायकल गॅरेजात लाल होतं. ते इंजिनाच्या बोल्टांना लावतात, आणि एकदा धरलं की चांगला ताप दिल्याशिवाय सोडत नाही. नागेशला हे पाठ होतं. तरी त्याने लाल आणलं, कारण जयदीप चहा पीत वाट बघत होता.

सुईच्या टोकावर थेंब जरा मोठा आला. कडीच्या स्क्रूला गेला तेवढा ठीक, पण कुलपाकडचा ओघळून बटणांच्या भोकात उतरला. जयदीपच्या मनगटावर पट्टा बसवून, दहा मिनिटं गप्पा मारून नागेशने सहज बटणं दाबून पाहिली, तर ती दगडासारखी बसलेली. आणि त्याच्या तोंडातून निघालं ते असं: "जयदीपभाऊ, दोन दिवस काढू नका बरं. स्प्रिंग बसू द्या. परवा या, एकदा पाहून देतो." परवा गुपचूप ताप द्यायचा, बटणं मोकळी करायची, कुणाला काही कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जयदीप हसत गेला, आणि रात्री नागेशला जेवण गेलं नाही. पण दोन दिवसांचा तर प्रश्न, असं त्याने मनाला समजावलं. परडीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्याने हत्यारांची पिशवी भरली. बारीक स्क्रूड्रायव्हर घेतले, चिमटे घेतले, डोळ्याला लावायचं भिंग घेतलं. मग सोल्डरिंगची तापी उचलली. लाल औषध उतरवायला तीच लागणार होती. तिची वायर गुंडाळता गुंडाळता त्याचा हात थांबला. घड्याळ काढायला तापी काऊन आणली, असं कुणी विचारलं तर? अनंतराव विचारतीलच. ते मंचेरियलच्या कोळसा खाणीत पंपांवरचे इंजिनियर होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी नजर तीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. नागेशने तापी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि दुकानाचं शटर ओढलं. दुसरा काही मार्ग निघेल, असं तो मोटरसायकलवर सगळा रस्ता स्वतःला सांगत राहिला.

दवाखान्यात त्याने जयदीपचा हात पाहिला. डाव्या हाताच्या करंगळीखाली दातांच्या दोन खुणा. तिथपासून कोपरापर्यंत हात फुगून तकतकीत झालेला, कातडी आता फाटते की मग, अशी. फक्त मनगट फुगलेलं नव्हतं, कारण त्याला फुगायला जागाच नव्हती. पोलादी पट्टा मांसात रुतला होता, दोन्हीकडून सूज त्याच्यावर चढली होती. पट्ट्यापुढची बोटं जांभळी पडायला लागली होती. पट्ट्याच्या वर एक ओरखडा होता, गाडीत चंपतरावाने पकडीने पट्टा तोडायचा प्रयत्न केला तेव्हाचा. ओरखडा नखाएवढा, पण त्यातून रक्ताची धार बारीक का होईना, वाहत होती. नर्स कापसाचा बोळा दाबून धरत होती, बोळा लाल झाला की दुसरा घेत होती.

डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या, तरुण होत्या आणि बोलायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. त्यांनी काचेची एक नळी उजेडात धरून तिरकी केली. आतलं रक्त पाण्यासारखं एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं.

"बीस मिनट हुए, देखो. जमा ही नहीं," त्या म्हणाल्या. "इस जहर में खून जमता नहीं. इसलिए काटना नहीं, ग्राइंडर नहीं, कुछ नहीं. जरा भी लग गया तो रुकेगा नहीं. दवा चालू है, लेकिन सूजन अभी और बढेगी. घडी खोलो. नहीं खुली तो हाथ जाएगा."

चंपतराव मागे हात चोळत उभा होता. ग्राइंडर आणू का, असं त्यानेच विचारलं असावं. जयदीपची आई पद्मिनीबाई फोन स्पीकरवर ठेवून घड्याळाच्या कंपनीच्या माणसांशी बोलत होत्या. पलीकडून एक मुलगी अगदी गोड आवाजात सांगत होती, "मॅम, दोनों बटन एक साथ दबाइए. क्लॅस्प अपने आप खुल जाएगा."

"दाबून तं राह्यलो वो माय!" पद्मिनीबाई रडवेल्या झाल्या. "कवाच्या दाबून राह्यलो!"

"मॅम, एक साथ."

जयदीपने डोळे उघडले. चेहरा घामाने भिजलेला, ओठ पांढरे. नागेशला बघून त्याच्या जिवात जीव आला. "आले का नागेशभाऊ," तो म्हणाला. "आता निघते. यायले मालूम हाये."

पलंगाच्या पलीकडे अनंतराव उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, मिशा पांढऱ्या, पाठ अजून सरळ. बाजूला सरकून त्यांनी नागेशला जागा दिली. नागेशचा बाप त्यांना मालक म्हणायचा. नागेशने शाळा सुटल्यावर साहेब म्हणायला सुरुवात केली होती, आणि तेवढं करायलाही त्याला एक वर्ष लागलं होतं.

नागेश वाकला आणि त्याने बटणं दाबली.

ती उघडणार नाहीत हे माहीत असताना त्याने ती दाबली. एकदा नखाने, एकदा चिमट्याच्या टोकाने, मग भिंग लावून पुन्हा. फोनमधली मुलगी "एक साथ" म्हणत होती आणि तो मान हलवत होता. पाच मिनिटं त्याने हे सोंग केलं. सांगून टाक, असं आतून कुणी तरी ओरडत होतं. पण बेल्यात संध्याकाळपर्यंत काय बोललं जाईल, तेही त्याला ऐकू येत होतं: भिवाजीच्या पोराने अनंतरावांच्या पोराचा हात घालवला. शेवटी तो म्हणाला, "सुजेनं कुलूप फसलं. आता कडीचा स्क्रूच काढा लागते."

"काढ मंग," अनंतराव म्हणाले.

पट्ट्याच्या कड्या एकमेकींत अडकवून त्यांच्या आडवा स्क्रू घातलेला असतो. हा स्क्रू दोन टोकांचा. एका बाजूने बारीक नळी, दुसऱ्या बाजूने तिच्यात जाणारा स्क्रू, आणि दोन्ही टोकांना खाच. एकाच बाजूने फिरवलं तर दुसरी बाजूही सोबत फिरत राहते, दिवसभर फिरवलं तरी निघत नाही. एक टोक घट्ट धरावं लागतं, तेव्हा कुठे दुसरं सुटतं. दुकानात नागेश पट्टा शिकंजात आवळून हे काम करायचा. इथे शिकंजा म्हणजे माणसाचा सुजलेला हात होता, त्यात रक्त होतं आणि ते जमत नव्हतं.

सगळ्याच कड्या निघणाऱ्या नसतात, कुलपाजवळच्या तीन-चारच निघतात. त्यांतल्या बहुतेकांची टोकं सुजेने गिळली होती. ओढाताणीत पट्टा थोडा फिरला होता आणि अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर, जिथे मांस कमी, तिथे एकाच स्क्रूची दोन्ही टोकं उघडी राहिली होती. नागेशने भिंगातून पाहिलं. खाचेच्या कडेला लालसर ठिपका होता. कालचाच स्क्रू. साऱ्या पट्ट्यात नेमका तोच. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, असं त्याच्या मनात आलं.

"साहेब," तो म्हणाला, "दुसरं टोक कोनाले तरी धरा लागन. हालता कामा नाई."

नर्सचे हात थरथरत होते. चंपतरावाचा हात कुऱ्हाडीला चांगला, याला नाही. अनंतरावांनी चष्मा वर केला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पलंगाशी गुडघ्यावर बसले. डॉक्टरीणबाईंनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची एक पट्टी कापून दिली. नागेशने ती पोलाद आणि कातडी यांच्यामध्ये हळूच सरकवली, म्हणजे हत्यार सटकलं तर फिल्मवर सटकेल. मग दोघांनी दोन बाजूंनी टोकं खाचेत बसवली. दोघांची कपाळं एकमेकांना लागायची बाकी होती. अनंतरावांच्या श्वासाला सुपारीचा वास होता. नागेशने जोर दिला.

स्क्रू हलला नाही. त्याने आणखी जोर दिला. खाचेची कड किंचित वाकलेली त्याला जाणवली आणि तो थबकला. खाच गेली की सगळंच गेलं. मग हा पट्टा या हातावरून कुणीही काढू शकणार नव्हतं.

अनंतराव टोकाकडे बघत होते. काही तरी ओळखीचं दिसल्यासारखे बघत होते. मग मान वर न करता हळू आवाजात म्हणाले, "असा नाई निघत हा. याले ताप द्या लागते."

"हो," नागेश म्हणाला.

"तापी?"

"दुकानात हाये. खिळ्याले अडकवून."

अनंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. एवढंच. मग नागेशच्या खिशातली किल्ली घेऊन चंपतरावाला दिली. "गाडी घे. खिळ्याले लटकून असन. पळ."

जायला सहा मिनिटं, यायला सहा. नागेशने आयुष्यभर घड्याळात मिनिटं पाहिली होती, पण मिनिट इतकं लांब असतं हे त्याला माहीत नव्हतं. बोटांचा जांभळा रंग निळ्याकडे सरकत होता. डॉक्टरीणबाई करंगळीचं नख दाबायच्या, सोडायच्या. नख पांढरं व्हायचं आणि पांढरंच राहायचं. त्या पुन्हा दाबायच्या. पद्मिनीबाई पायथ्याशी बसून मुलाचे तळवे चोळत होत्या. जयदीपला वेदनेसाठी सुई दिली होती, तरी मधूनच तो दात खाऊन कण्हायचा आणि म्हणायचा, "बोटं मले नाईत असं वाटून राह्यलं." नागेशला पळून जावंसं वाटत होतं. खरंच पळून जावंसं, शटर न उघडता, घरी न जाता, कुठे तरी जिथे त्याला कुणी ओळखत नाही. मुलाच्या हातापेक्षा आपल्याला आपली जास्त भीती वाटते आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. तरीही त्याने तोंड उघडलं नाही.

चंपतराव धापा टाकत आला. नागेशने पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये तापीची वायर लावली. टोक तापेपर्यंत आणखी तीन मिनिटं गेली. मांसावर ओल्या कापडाच्या घड्या बसवल्या, फिल्म पुन्हा सरकवली. अनंतरावांनी दुसरं टोक धरलं. नागेशने तापीचं टोक स्क्रूच्या डोक्याला टेकवलं आणि मनात आकडे मोजायला लागला. दहा. वीस. ओल्या कापडातून वाफ यायला लागली. जयदीपने हात ओढला. "धरा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या, आणि चंपतराव त्याच्या खांद्यावर पडलाच. तीस. स्क्रूच्या कडेने लाल रंगाचा एक थेंब फुगला, करपला, आणि गॅरेजात येतो तसा उग्र वास आला. तो वास त्या खोलीत कुणालाही ओळखता आला असता, ज्याला यंत्रं ठाऊक होती त्याला तर नक्कीच. नागेशने वर पाहायची हिंमत केली नाही.

तापी बाजूला ठेवून त्याने स्क्रूड्रायव्हर बसवला. हात ओले होते, ते पँटला पुसले. जोर दिला.

काहीच झालं नाही. मग डोळ्याला दिसणार नाही एवढं, केसभर, काही तरी सुटलं.

"धरून ठेवा," नागेश पुटपुटला.

"धरला हाये," अनंतराव म्हणाले. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता.

एक फेरा. अर्धा. पुन्हा एक. शेवटच्या फेऱ्याला हत्यार खाचेतून सटकलं आणि फिल्मवरून कच्चकन घसरलं. नागेशने फिल्म उचलून पाहिली. कातडीवर ओरखडा नव्हता. त्याने चिमट्याने स्क्रू ओढून बाहेर काढला, नळी अनंतरावांच्या बाजूने बाहेर आली, आणि कडी कडीपासून वेगळी झाली. पट्टा उघडला तसं मांस त्याच्या जागेत धावून आलं. मनगटावर एकेका कडीचा ठसा उमटला होता, अगदी तिरप्या धारेसकट. जयदीप जोरात किंचाळला, कारण रक्त बोटांकडे परत निघालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यानंतर सगळ्यांना बाहेर काढलं.

नागेश बाहेरच्या बाकावर बसला. चंपतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "भिवाजीचा पोरगा! कारागीर असावा तं असा. मुंबईच्या कंपनीले नाई जमलं ते यानं केलं." पद्मिनीबाईंनी येऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि त्या हातांवर डोकं टेकलं. नागेशला वाटलं, याच्यापेक्षा जोड्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो मान खाली घालून बसून राहिला.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हात वाचला होता. औषध लागू पडत होतं, रक्त आता जमायला लागलं होतं. चार बोटांत रंग आला होता. "छोटी उंगली का कुछ कह नहीं सकते," त्या म्हणाल्या. "आगे का हिस्सा शायद निकालना पडेगा. यह साप का नहीं, घडी का है. पंद्रह-बीस मिनट पहले खुलती तो बच जाती." आणि त्या दुसऱ्या रुग्णाकडे निघून गेल्या.

पंधरा-वीस मिनिटं. पाच मिनिटं बटणांचं सोंग, बारा मिनिटं तापीची वाट. नागेशला हिशेबाला कागद लागला नाही.

पद्मिनीबाई आत गेल्या. चंपतराव चहा आणायला गेला. अनंतराव त्याच्या शेजारी येऊन बसले आणि चष्मा धोतराच्या टोकाने पुसायला लागले. पुसून झाल्यावरही ते पुसतच होते.

"लाल लावलं होतं तू," ते म्हणाले.

नागेश पायाशी ठेवलेल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"चाळीस वर्ष पंपाचे बोल्ट काढले मी. खाचेत पाह्यलं तवाच समजलं मले. बटनं बी त्याच्यानंच बसली ना?"

"हो साहेब."

"मंग तवा बोललो काऊन नाई मी? तुले वाटत असन." अनंतरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचे हात आता थरथरायला लागले होते, तासभर दगडासारखे स्थिर असलेले तेच हात. "बोललो असतो तं तुहा हात हालला असता. अन् माह्या पोराचा हात तुह्या हातात होता. दात खाऊन बसलो मी. तुह्या नरड्याले धरावं वाटत होतं मले, अन् मी तुहा स्क्रू धरून बसलो."

समोरून एक स्ट्रेचर गेलं. दोघांनी पाय मागे घेतले.

"एक सांग," अनंतराव म्हणाले. "तापी आणाची ध्यानात राह्यली नाई, का आणलीच नाई?"

ध्यानात राहिली नाही, असं म्हणता आलं असतं. घाईत माणूस विसरतो, त्यात पाप नसतं. शब्द तोंडाशी तयार होते, आणि ते म्हटले असते तर अनंतरावांनी कदाचित मानलेही असते, कारण तेवढं मानायला माणूस आतून तयार असतो. नागेशने त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते आणि त्या डोळ्यांत नागेशसाठी एक वाट ठेवलेली होती. त्याला ती घ्यावीशी फार वाटली.

"हातात घेतली होती," तो म्हणाला. "तुमी विचारसान म्हून परत खिळ्याले अडकवली."

अनंतराव बाकाचा आधार घेऊन उठले.

"त्याच्या मायले मी सांगतो," ते म्हणाले. "पन जयदीपले तू सांगशीन. मी नाई. तो उठला की पयले तुहं नाव घेईन. तवा सांगशीन."

नागेश उठून पळाला नाही. संध्याकाळपर्यंत तो त्या बाकावर बसून राहिला. चंपतरावाने दिलेला चहा त्याच्या हातात गार झाला. सव्वापाचला नर्सने दार उघडून नागेश कोण म्हणून विचारलं. आत जयदीप उशीवर टेकून बसला होता. हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळून उंच टांगलेला, पट्टीच्या टोकाला चार बोटं उघडी, पाचव्यावर वेगळी पट्टी. चेहरा पुष्कळ उतरला होता, तरी तो हसला.

"या नागेशभाऊ," तो म्हणाला. "चंपतकाकानं सारं सांगतलं. तुमी होते म्हून हात राह्यला माहा."

नागेश पलंगाजवळ गेला. बसायला स्टूल होतं, पण तो बसला नाही.

"जयदीपभाऊ," तो म्हणाला, "मी काल तुमच्याशी खोटं बोललो होतो. अन् आज बी."